खीर पातळ झाली म्हणजे पीठ खराब निघालं असं नाही
(मोड आणलेल्या नाचणीचं पीठ नेणाऱ्यांसाठी)

"सकाळची खीर दुपारी पाण्यासारखी झाली, पीठ बदलून द्या" असे फोन सारखे येतात, म्हणून पाकिटासोबत हा कागद देतोय, आधी वाचा आणि मग पाकीट परत आणायचं का ते ठरवा.

होतं काय, तर भरवताना चमचा बाळाच्या तोंडात जातो आणि तोच परत वाटीत येतो. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम (अन्न तोडायला मदत करणारा पदार्थ) असतं, त्याचं कामच पिठातला स्टार्च तोडून माल्टोज साखर करायचं, भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागायला लागतो तो त्यामुळेच. खीर घट्ट असते ती स्टार्चमुळे, आणि तुम्ही उष्टी वाटी कोमट असतानाच झाकून ठेवता, मग तो तिथेच तुटत बसतो आणि पाणी सुटतं. पोटात गेलं असतं तर जठरातल्या ॲसिडने लाळेचं अमायलेज बरंचसं बंद पाडलं असतं, तिथे पेप्सिन प्रोटीन तोडतं, आणि राहिलेला स्टार्च पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून येणारं अमायलेज तोडतं. पहिले काही महिने बाळाच्या स्वादुपिंडात हे फारच कमी बनतं, म्हणून सहा महिन्यांच्या आत खीर देऊ नका.

तेव्हा भरवायची तेवढीच खीर वेगळ्या वाटीत काढा, उष्टी उरली तर टाकून द्या, तोंडातले जंतूही तिच्यात वाढतात.

आता "शिजवतानाच पातळ होते, भेसळ आहे का?" अजिबात नाही! मोड आला की दाण्यातच अमायलेज तयार होतं. जगातलं पहिलं एन्झाइम 1833 साली फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो यांनी वेगळं काढलं ते मोड आलेल्या जवातूनच. आम्ही नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात मोड आणून, सावलीत वाळवून अगदी मंद आचेवर भाजतो, जोरात भाजली तर वास खमंग येतो पण एन्झाइम जातं. वेळ लागतो, म्हणून दर बाजारापेक्षा थोडा जास्त आहे. उकळत्या पाण्यात पीठ टाकू नका, गुठळ्या होतात आणि एन्झाइमही लगेच निकामी होतं, गार पाण्यात कालवून मंद गॅसवर ढवळत शिजवा. या एन्झाइममुळे पीठ जास्त घातलं तरी खीर पातळच राहते, म्हणून एवढंसं पोट असलेल्या बाळाला पातळ खिरीतूनही पीठ भरपूर मिळतं, हाच या पिठाचा फायदा.

पहिल्यांदा नेताय तर पाव किलोचंच न्या.