‘पश्चिमेकडे नवीन काही नाही’: एका युद्धविरोधी बोलपटाची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात १९१४ सरता सरता पश्चिम आघाडी जागच्या जागी रुतली. बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या हद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खंदकांची रांग उभी राहिली आणि लाखो पोरं चिखलात, उवा-उंदरांत दिवस काढू लागली. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईला तोंड फुटलं, त्या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले.

त्याच वर्षी जर्मनीत ओस्नाब्रुकचा एक अठरा वर्षांचा मुलगा सैन्यात घेतला गेला. एरिक मारिया रेमार्क. ३१ जुलै १९१७ ला तोफगोळ्याच्या तुकड्यांनी तो जखमी झाला आणि उरलेलं युद्ध बहुतेक इस्पितळात गेलं. त्याची कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपात आली. शेवटी तिचा तरुण नायक मरतो, त्या दिवशीच्या लष्करी अहवालात मात्र एवढंच असतं: पश्चिमेकडे नवीन काही नाही. तेच कादंबरीचं नाव. एका पोराचा जीव जातो आणि ती बातमीसुद्धा होत नाही, हे या नावाइतकं नेमकं क्वचितच कुणी सांगितलं असेल.

हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने लगेच १९३० मध्ये त्या कादंबरीवरून ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ काढला. कंपनीचे मालक कार्ल लेमले मूळचे जर्मनीतल्या लाउपहाइमचे, दिग्दर्शक लुईस माइलस्टोन. बोलपट नुकते कुठे बोलू लागले होते, तरी यातले तोफांचे आवाज आजही पोटात गोळा आणतात. धावत येणारा एक सैनिक काटेरी तार धरतो, स्फोट होतो, धूर विरतो तेव्हा तारेवर फक्त दोन हात उरलेले असतात. मेलेल्या दोस्ताचे चांगले बूट दुसरा घालतो, तो गेला की तिसरा. शेवटी खंदकातून एक हात फुलपाखराकडे पुढे होतो आणि गोळी सुटते. हा हात खुद्द माइलस्टोनचा आहे.

सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन, दोन्ही ऑस्कर मिळाले. बर्लिनमध्ये मात्र डिसेंबर १९३० मध्ये नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी चालू खेळात दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले. आठवड्याभरात सरकारने सिनेमावरच बंदी घातली. दंगा करणारे जिंकले. हिटलर सत्तेवर यायला अजून दोन वर्षं होती, म्हणून हा निर्णय मला फार जड वाटतो. मे १९३३ मध्ये रेमार्कची पुस्तकं जाळली गेली, १९३८ मध्ये नाझींनी त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. तो त्यांच्या आवाक्याबाहेर होता, त्याची धाकटी बहीण एल्फ्रीडे नव्हती. युद्ध हरलंय असं ती बोलली म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये तिचा शिरच्छेद केला.

सिनेमातला नायक साकारणारा ल्यू एअर्स दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीची वेळ आली तेव्हा म्हणाला, मी कुणाला मारणार नाही. अमेरिकेत त्याच्यावर चिखलफेक झाली, काही थिएटरांनी त्याचे सिनेमे उतरवले. पुढे तो लष्कराच्या वैद्यकीय पथकात गेला आणि पॅसिफिकच्या आघाडीवर जखमींना मलमपट्टी करत राहिला.