आधी केमो, मग ऑपरेशन: मधल्या महिन्यांत काय घडतं?

"गाठ आहे हे कळलंय, कुठे आहे तेही कळलंय, मग ती आधी काढून का टाकत नाहीत?" कॅन्सरचं निदान झालेल्या घरात हा प्रश्न हमखास येतो आणि तो अगदी रास्त आहे. नको असलेली गोष्ट शरीरात एक दिवसही जास्त राहू नये असं कुणालाही वाटणार. त्यात डॉक्टर सांगतात, आधी चार-सहा केमो घेऊ, पुन्हा स्कॅन करू, मग ऑपरेशन. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. 'ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तर असं सांगत नाहीत ना?' ही शंका कित्येक जण बोलून न दाखवता मनात बाळगतात.

काही वेळा गाठ खरोखरच इतकी मोठी असते, किंवा एखाद्या रक्तवाहिनीला इतकी चिकटलेली असते, की लगेच हात घालणं धोक्याचं ठरतं. पण आज अनेक कॅन्सरमध्ये उद्या सकाळी काढता येईल अशी गाठसुद्धा मुद्दाम काही महिने जागेवर ठेवतात. औषध चालतंय की नाही हे ती शरीरात असेपर्यंतच डोळ्यांनी दिसतं. ती काढून टाकली की पुढची केमो अंदाजाने द्यावी लागते, कारण मोजायला समोर काहीच उरत नाही.

हे लक्षात कसं आलं, ती हकीकत मला फार मोलाची वाटते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर झालेली मुलं येत. गाठ बहुतेक वेळा गुडघ्याजवळ असे. तोवरचा उपचार म्हणजे पाय कापणं. तो कापूनही पाचांतलं जेमतेम एक मूल वाचे, कारण निदान होईपर्यंत कॅन्सरच्या पेशी फुफ्फुसांत पोहोचलेल्या असत. पाय वाचवायचा तर रोगट हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवावा लागे. तो सांधा प्रत्येक रुग्णाच्या मापाने बनवून घ्यायचा आणि त्याला दोन-तीन महिने लागायचे. एवढे दिवस नुसतं बसून कसं राहायचं, म्हणून डॉ. जेराल्ड रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधा येईपर्यंत केमो सुरू केली.

पुढे ऑपरेशन झालं आणि काढलेलं हाड पॅथॉलॉजिस्ट अँड्र्यू हुवोस यांच्या टेबलावर आलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना काही गाठींमध्ये जवळपास सगळ्या पेशी मेलेल्या निघाल्या, काहींमध्ये बऱ्याच जिवंत होत्या. ज्यांच्या गाठीतल्या पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या होत्या, ती मुलं पुढेही जास्त काळ निरोगी राहत होती. गुडघ्यात जे घडलं तेच फुफ्फुसांत लपलेल्या, कोणत्याही स्कॅनला न दिसणाऱ्या पेशींच्या बाबतीतही घडलं असणार, असा त्याचा अर्थ. ऑस्टिओसार्कोमामध्ये ९० टक्के किंवा त्याहून जास्त पेशी मेल्या तर 'चांगला प्रतिसाद' ही मोजपट्टी आजही वापरतात.

मग ऑपरेशन लांबवल्यामुळे आयुष्य कमी होत नाही ना? स्तनाच्या कॅन्सरसाठी याचं उत्तर शोधणारी एक मोठी चाचणी अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झाली. १,५२३ स्त्रियांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी केमो दिली, निम्म्यांना तीच औषधं ऑपरेशननंतर. दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच राहिलं. म्हणजे थांबल्याने नुकसान झालं नाही. उलट आधी केमो घेतलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रियांची गाठ निम्म्याने किंवा त्याहून जास्त आकसली आणि जास्त जणींना स्तन न काढता फक्त गाठ काढून घेता आली. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये तर फायदा आयुष्यातच दिसला. नेदरलँड्समधल्या चाचणीत नुसत्या ऑपरेशनने निम्मे रुग्ण २४ महिन्यांपर्यंत जगले. आधी केमो आणि रेडिएशन देऊन मग ऑपरेशन केल्यावर हा आकडा ४९ महिन्यांवर गेला. ही निष्पत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता प्रत्यक्ष त्या महिन्यांकडे येऊ. समजा, एका बाईंच्या स्तनात ४ सेंटिमीटरची गाठ आहे. केमो सुरू होण्यापूर्वी किंवा सुरुवातीच्या काळात डॉक्टर सोनोग्राफीत बघत सुईने त्या गाठीत धातूची एक बारीकशी क्लिप सोडतात. तिळाएवढी किंवा त्याहून लहान. बऱ्याच रुग्णांना ती कशासाठी हे नीट सांगितलं जात नाही, आणि सांगायला हवं, कारण यात मोठा दिलासा आहे. औषध इतकं लागू पडू शकतं की ऑपरेशनच्या दिवशी गाठ हाताला लागत नाही आणि स्कॅनमध्येही दिसत नाही. मग सर्जनने नेमकं कुठे कापायचं? तेव्हा ती क्लिप जागा दाखवते. गाठ नाहीशी होऊ शकते, हे गृहीत धरूनच उपचाराची आखणी झालेली असते.

केमोची अनेक वेळापत्रकं २१ दिवसांची असतात, त्याला कारण आहे. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या पेशी आणि केसांची मुळंही तशीच. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं आयुष्य फार थोडं, त्यामुळे नवीन तयार होणं थांबलं की त्यांचा साठा लगेच संपतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान 'काउंट' सगळ्यात खाली जातात आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बहुधा सावरतात. मज्जा सावरते, पण कॅन्सरची गाठ तेवढ्या अवधीत पूर्ण सावरू शकत नाही. पुढचा डोस याच फरकावर बेतलेला असतो. रक्ततपासणीत काउंट कमी आले म्हणून केमो आठवडाभर पुढे गेली, तर घरातले लोक हवालदिल होतात. उपचार फसल्याची ती खूण नाही. मात्र काउंट खाली असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटपर्यंत ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी थेट रुग्णालय गाठायचं. एवढी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी.

दोन-तीन केमो झाल्या की गाठ पुन्हा मोजतात. रिपोर्टमध्ये येतं, ४ सेंटिमीटरची गाठ २ सेंटिमीटर झाली. "म्हणजे अजून निम्मी आहेच की," असं म्हणून चेहरे पडतात. इथे थोडं गणित करून बघावं. रिपोर्टमध्ये लांबी असते, पण गाठ गोळ्यासारखी असते. व्यास निम्मा झाला की घनफळ एक अष्टमांश होतं. ४ सेंटिमीटरच्या गोळ्यात साधारण ३३ घन सेंटिमीटर ऐवज असतो, २ सेंटिमीटरच्या गोळ्यात जेमतेम ४. 'निम्मी उरली' असं वाटतं तेव्हा सात अष्टमांश गेलेली असते. डॉक्टर 'अंशतः प्रतिसाद' म्हणतात तो लांबी किमान ३० टक्क्यांनी घटली तर. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या शब्दांत गाठीचा जवळपास दोन तृतीयांश भाग नाहीसा झालेला असू शकतो.

उलटंही घडतं, ते लपवण्यात अर्थ नाही. काहींची गाठ आहे तेवढीच राहते, थोड्या जणांची औषध चालू असताना वाढते. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या केमोनंतरच लक्षात येतं, म्हणून औषध बदलता येतं किंवा ऑपरेशन अलीकडे घेता येतं. स्कॅनमध्ये दिसणारी उरलेली सावलीही दर वेळी कॅन्सर नसते. मेलेल्या गाठीच्या जागी राहिलेला व्रण तसाच दिसतो, आणि दोहोंतला फरक अनेकदा ऑपरेशननंतरच कळतो.

शेवटची केमो आणि ऑपरेशन यांच्यात साधारण तीन ते सहा आठवडे जाऊ देतात; गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशननंतर याहून जास्त. रक्त सावरावं आणि जखम भरण्याची ताकद यावी म्हणून ही मोकळीक असते. हे दिवस अंथरुणात काढू नयेत. झेपेल तेवढं रोज चालणं, श्वासाचे व्यायाम, पुरेशी प्रथिनं आणि तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद. सर्जन याचा आग्रह धरतात, कारण भूल उतरल्यावर फुफ्फुसं किती लवकर मोकळी होतात आणि टाके किती नीट जुळतात हे बरंचसं त्यावर ठरतं. रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेला उपचाराचा हा भाग आहे, आणि तीन महिने सगळं दुसऱ्यांच्या हाती सोपवून थकलेल्या माणसाला त्याने किती बळ येतं ते जवळच्यांनाच ठाऊक.

ऑपरेशन झाल्यावर काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे जातो. तिथल्या रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या टप्प्याच्या अक्षरांआधी 'वाय' हे अक्षर लागतं, म्हणजे हे मोजमाप उपचार घेतल्यानंतरचं आहे. गाठीच्या जागी आणि लसिका ग्रंथींत एकही घुसखोर पेशी सापडली नाही, तर त्याला पूर्ण प्रतिसाद म्हणतात. अशा रुग्णांमध्ये आजार उलटण्याची शक्यता बरीच कमी असते, विशेषतः स्तनाच्या कॅन्सरच्या दोन प्रकारांत: हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला, आणि ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हे जास्तीचं प्रथिन आणि दोन संप्रेरकांचे ग्राहक यांपैकी काहीच नसलेला.

काही पेशी उरल्या असतील तर? हा रिपोर्ट हातात पडल्यावर आजवरची सगळी मेहनत वाया गेल्यासारखं वाटतं, म्हणून २०१९ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी सांगायलाच हवी. केमो आणि हर-टूविरोधी औषध घेऊनही ज्यांच्या गाठीत पेशी उरल्या होत्या, अशा हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशननंतर तेच औषध पुढे दिलं, आणि निम्म्यांना त्याच औषधाला केमोचा रेणू जोडून बनवलेलं टी-डीएम-वन. तीन वर्षांनी पहिल्या गटात ७७ टक्के रुग्ण आजार न उलटता होते, दुसऱ्या गटात ८८ टक्के. आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका निम्म्यावर आला होता. या औषधाची गरज नेमकी कुणाला आहे, हे आधी केमो दिल्यामुळे आणि मग काढलेली गाठ तपासल्यामुळेच कळलं.