फेरेटचा हार्टवर्म आणि 'जंताचं औषध दिलंय की' हा घोळ

ठाण्यात काय किंवा वाशी-खारघरला काय, फेरेटवाल्याला (फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट, छोटा पाळीव प्राणी) हार्टवर्मचं, म्हणजे हृदयापर्यंत पोचणाऱ्या किड्याचं, विचारलं की उत्तर ठरलेलं, "जंताचं औषध दिलंय की!" तर आधी हेच बघू. पोटातल्या जंतांसाठी आपण पायरँटेल वगैरे पाजतो ते आतड्यापुरतं, हार्टवर्म असतो रक्तात आणि येतो डास चावून, घाणीतून किंवा कच्च्या चिकनमधून नाही, म्हणजे डीवर्मिंगची तारीख कधी न चुकवणाऱ्याच्या फेरेटलाही त्यापासून काडीचं संरक्षण नाही. काहीजण लस विचारतात, तर लसच नाहीये याला. नावही फसवंच, कुत्र्यात हा किडा बहुतेक फुप्फुसाच्या धमन्यांत राहतो, पण फेरेटचं हृदय इवलंसं, तिथे एक-दोन किडेही जीव घ्यायला पुरतात.

किड्याला शास्त्रीय नाव मिळालं १८५६ साली अमेरिकेत, तेही कुत्र्यावरून. फेरेट यात आला १९७०च्या दशकात, आणि तो पाळीव म्हणून नाही तर लॅबमधला प्राणी म्हणून! आकाराने लहान, किडा त्याच्यात सहज रुजतो, म्हणून प्रयोगाला सोयीचा. हार्टवर्म रोखणारी आयव्हरमेक्टिनची महिन्याची गोळी १९८७ला तिकडे मंजूर झाली ती कुत्र्यांसाठी, फेरेटला कुत्र्याचंच औषध हिशोब करून द्यायचे, अधिकृत मान्यता बऱ्याच नंतर, मांजरांच्या मानेवर टाकतात त्या मॉक्सिडेक्टिनच्या ड्रॉप्सना. ज्याच्यावर प्रयोग झाले त्याचा नंबर शेवटी, हे मला खटकतं.

टेस्टवरही फार विसंबू नका. अँटिजेन टेस्ट (रक्तात किड्याचा अंश शोधणारी) मुख्यतः मादी किड्याला पकडते, फेरेटमध्ये किडे मोजकेच, एकटा नर असला तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि प्राणी दमलेलाच. त्यापेक्षा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बरा. आणि किडे मारायचं इंजेक्शन कुत्र्यांना चालतं, फेरेटमध्ये मेलेले किडे रक्तवाहिनीत अडकून तोच दगावू शकतो.

आता आपल्याकडचं. भारतात कुत्र्यांतला हा हार्टवर्म जास्त ईशान्येकडे सापडलाय, मुंबईच्या बाजूला त्याचा कातडीखाली राहणारा भाऊबंद. म्हणून "इथे कशाला महिन्याचे ड्रॉप्स" असं म्हणणारे आहेत, त्यांचं अगदीच चूक नाही. पण डासात अळी वाढायला साधारण १४ अंशांच्या वर तापमान लागतं, ते आपल्याकडे बारा महिने असतं, आणि खाडीकाठच्या डासांबद्दल मी वेगळं काय सांगू! एसीतल्या, बंद खिडकीच्या फ्लॅटमध्येही संध्याकाळी एखादा शिरतोच. मी तरी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस ठरवून घेतलाय, दर महिन्याला टाकतो.