सीप्झ ते तळोजा: कोकणातल्या चिपउद्योगाची पार्श्वभूमी

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तळोज्याच्या चिप कारखान्याला मंजुरी दिली. इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूह यांचा हा प्रस्ताव 83,947 कोटींचा. त्याच वर्षी रत्नागिरीतही सेमीकंडक्टर प्रकल्पाची घोषणा झाली. 2025 मध्ये तळोज्याची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. कोकणपट्टीने इलेक्ट्रॉनिक्सचा डाव याआधीही मांडला होता, आणि त्याला पन्नास वर्षं उलटून गेली.

1973 साली मुंबईत सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झालं. नाव सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, जागा मात्र अंधेरीत. सुरुवातीला तिथे फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्याच कारखान्यांना परवानगी होती. योगायोग असा, की त्याच 1973 साली तैवान सरकारने ‘इट्री’ ही संशोधन संस्था उभी केली. सुरुवात एकाच वर्षी, पण पुढच्या वाटा वेगळ्या.

तैवानने 1976 मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार केला. त्यात तंत्रज्ञान तर विकत घेतलंच, शिवाय माणसं शिकवून देण्याची अट घातली. चाळीसच्या आसपास तरुण अभियंते टप्प्याटप्प्याने आरसीएच्या कारखान्यांत जाऊन राहिले. कुणी डिझाइन शिकलं, कुणी भट्ट्या, कुणी चाचणी, कुणी नुसता हिशोब. परत येऊन त्यांनी एक छोटा कारखाना चालवला आणि घड्याळाच्या चिप बनवल्या. त्यातूनच 1980 मध्ये यूएमसी आणि 1987 मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या.

सीप्झमधला व्यवहार निराळा होता. भाग बाहेरून आणायचे, गाळ्यात जोडायचे, माल परत बाहेर पाठवायचा आणि करसवलत घ्यायची. परदेशी कंपनी तिथे गिऱ्हाईक म्हणून होती, गुरू म्हणून नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दागिन्यांना दार उघडलं आणि आज सीप्झ म्हटलं की हिरे आणि सॉफ्टवेअरच आठवतं. इलेक्ट्रॉनिक्स राहिलं ते नावात.

केंद्र सरकारने मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स काढलं, तेही एका अमेरिकन कंपनीकडून तंत्र घेऊनच. 1984 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1989 च्या आगीत कारखाना जळाला, आणि देश मागे पडला.

दरम्यान कोकणात वेगळंच शिक्षण चालू होतं. रसायनी, थळ, नागोठणे, रोहे, महाड, लोटे, तळोजा हा सगळा पट्टा रसायनांचा. रायगड-रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये ‘एओसीपी’ म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड घेतलेली पोरं तीन पाळ्यांत व्हॉल्व्ह, पंप, डीएम प्लांट म्हणजे पाण्यातले क्षार काढणारी यंत्रणा सांभाळतात. चिपचा कारखाना म्हटलं की लोकांना सोल्डरिंग करणारी मुलं दिसतात. प्रत्यक्षात तो कारखाना बराचसा केमिकल प्लांटच. विषारी वायू, आम्लं, भट्ट्या, आणि पाणी इतकं शुद्ध करायचं की त्यात क्षाराचा मागमूस राहता कामा नये. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज बनवून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, तेव्हा पाण्याला काय तोटा, असं चिपळुणात कुणीही म्हणेल. पण ते पाणी त्या दर्जाला नेणारा हात घडवावा लागतो. माझ्या मते कोकणाची खरी पुंजी रेडिओ मेकॅनिक नव्हे, हा एओसीपीवाला आहे. अर्थात लोट्यात चालणारी शुद्धता इथे चालत नाही, त्याला पुन्हा शिकावं लागेलच.

आणि मीठ! खाऱ्या हवेत तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढतो, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. साठच्या दशकात चिपवाल्यांनाही मिठातल्या सोडियमनेच छळलं होतं. घामाच्या हाताने किंवा अस्वच्छ भट्टीतून सोडियमचे कण सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या थरात शिरत, व्होल्टेज लावलं की सरकत, आणि ट्रान्झिस्टर आज एका व्होल्टेजला चालू होई तर उद्या दुसऱ्याच. चिप कारखान्यातला नखशिखांत झाकणारा तो पांढरा पोशाख माणसाला वाचवण्यापेक्षा चिपला माणसापासून वाचवतो. समुद्र जवळ असल्याने काही अडत नाही, तैवानचं चिपउद्योगाचं शहर सिंचूही किनाऱ्यालगतच आहे.

डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने चिपउद्योगासाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली आणि प्रशिक्षणाचा विषय पुन्हा वर आला. 2023 मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने चिपनिर्मितीच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम आणला. गुजरातेत धोलेऱ्याच्या चिप कारखान्यात टाटांचा भागीदार तैवानचाच, पीएसएमसी ही कंपनी, आणि टाटांचे अभियंते शिकायला तैवानला गेले. 1976 मध्ये तैवानची पोरं अमेरिकेला गेली होती, तशीच.

आपल्याकडची क्लीन रूम, म्हणजे चिपच्या कामाची धूळमुक्त खोली, पवईत आहे. आयआयटी मुंबईचं नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्र 2006 चं, आणि 2008 पासून एका केंद्रीय योजनेतून बाहेरच्या महाविद्यालयांनाही तिथली यंत्रं वापरता येऊ लागली. रत्नागिरीच्या प्राध्यापकाने रात्री तुतारी एक्स्प्रेस पकडली की सकाळी दादर, तिथून तासाभरात पवई. एओसीपीच्या पोराला मात्र त्या गाडीचा उपयोग नाही. योजना मुख्यतः संशोधक आणि प्राध्यापकांसाठी आखलेली आहे.