लोकलेखा समिती आणि अंदाज समिती: कोण काय तपासतं?

एखाद्या योजनेत पैशांचा घोळ उघडकीस आला की लोक विचारतात, संसदेच्या लोकलेखा समितीने हे आधीच का नाही रोखलं? पण या समितीचं काम सुरूच होतं पैसा खर्च झाल्यावर. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार संसदेपुढे ठेवला जातो. त्यातले निवडक विषय समिती हाती घेते आणि संबंधित खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावते. ज्या कामासाठी पैसा मंजूर झाला त्याच कामावर तो गेला का? उधळपट्टी कुठे झाली? मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर त्याची कारणंही तीच तपासते.

अंदाज समितीबद्दलचा गैरसमज याच्या उलट आहे. तिने पाहिल्याशिवाय अर्थसंकल्प पुढे सरकत नाही, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिचा अहवाल आला नाही म्हणून एकही अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारा प्रस्ताव, अडत नाही. त्या मागण्यांची छाननी १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या करतात. अंदाज समिती वर्षभर स्वतः निवडलेल्या विषयांवर काम करते. ठरलेल्या धोरणाच्या चौकटीत सरकारचं काम कमी पैशांत आणि नीट कसं होईल, हे ती सांगते. काटकसरीसाठी पर्यायी धोरणही सुचवू शकते. मला ही समिती उपेक्षित वाटते, कारण सुधारणेला वाव असतानाच बोलण्याची संधी तिच्याकडे असते.

रचनाही वेगळी. लोकलेखा समितीत २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. अंदाज समितीत ३०, सगळे लोकसभेचे. मंत्र्यांना दोन्हीकडे मज्जाव. १९६७ मध्ये मिनू मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून ते पद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. अंदाज समितीचं अध्यक्षपद सहसा सत्ताधाऱ्यांकडे असतं.

भाजपचे नेते मुरली मनोहर जोशींनी दोन्ही समित्यांचं अध्यक्षपद भूषवलं. विरोधी बाकावर असताना त्यांच्या लोकलेखा समितीने टूजी स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल सेवेसाठीच्या ध्वनिलहरींच्या, वाटपाची तपासणी केली. २०१४ नंतर पक्ष सत्तेत आल्यावर ते अंदाज समितीचे अध्यक्ष झाले. या समितीने बँकांच्या थकीत कर्जांचा विषय घेतला आणि त्यावर रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी २०१८ मध्ये तिला सविस्तर टिपण दिलं. पहिल्या वेळी प्रश्न झालेल्या व्यवहाराचा होता, दुसऱ्या वेळी बिघडलेल्या व्यवस्थेचा.

दोन्ही समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, ही खरी दुखरी बाजू. मात्र सरकारला काय कारवाई केली ते कळवावं लागतं आणि त्यावर समिती पुन्हा अहवाल काढते. त्यात सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या शिफारशींचं वेगळं प्रकरण असतं. अहवाल हाती आला तर आधी तेच उघडा.