गच्चीवरची टाकी आणि एटीएम कार्डाएवढा संगणक

इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते जलूदहून, पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवलेलं. बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड सुटतं, म्हणून गच्चीवरच्या टाकीत किती उरलंय हे रोज पाहावं लागतं. रामबागेतल्या माझ्या भाच्यानं त्यासाठी 'बीगलबोन ब्लॅक' आणला. एटीएम कार्डाएवढा बोर्ड, पण त्यावर चक्क लिनक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते.

पहिल्याच दिवशी त्यानं घाईत राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला. पिन तंतोतंत बसली, पण एकही दिवा लागेना. "मामा, जळला वाटतं!" बोर्ड ५ व्होल्टचा, त्यामुळे मलाही तसंच वाटलं.

मग आम्ही इंटरनेटवरून त्याचं सर्किट डायग्राम, म्हणजे बोर्डाच्या जोडण्यांचा नकाशा, उतरवून घेतलं. अडॅप्टरची वीज जिथून आत शिरते तिथेच एक छोटी चिप दाखवली होती. व्होल्टेज जास्त आलं की ती पुढचा रस्ता बंद करते, आणि तसं झाल्याचं सांगणारा दिवा बोर्डावर ठेवलेलाच नाही. ५ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर निळे दिवे लागले. त्यातला एक हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकत होता, म्हणजे लिनक्स जागं झालं होतं.

मुक्त हार्डवेअर म्हणजे हेच: बोर्डाचा नकाशा सगळ्यांसाठी खुला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या काही अभियंत्यांनी २००८मध्ये पहिला बीगलबोर्ड आणला. त्याच मालिकेतला बीगलबोन ब्लॅक २०१३चा: १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, तेव्हाची किंमत ४५ डॉलर. त्याचं डायग्राम, बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांची आखणी, सुट्या भागांची यादी, सगळं कुणालाही मिळतं. २०१२चा रास्पबेरी पाय हा असाच छोटा संगणक जास्त लोकप्रिय आहे आणि शिकायला उत्तमही, पण त्याची संपूर्ण आखणी खुली नाही. बीगलबोनमध्येही प्रोसेसरच्या पोटातली रचना कंपनीकडेच आहे. तरी दुरुस्ती करणाऱ्याला खरी गरज बोर्डाच्या नकाशाची असते, आणि तो इथे हातात मिळतो.

आता टाकी. झाकणाखाली बसवलेला सेन्सर न ऐकू येणारा आवाज सोडतो, पाण्यावरून आलेला प्रतिध्वनी टिपतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, आणि इथे तो जाऊन परत येतो, म्हणजे वेळ मोजताना एक हजारांश सेकंद चुकला तर पातळी १७ सेंटिमीटरनं चुकते! लिनक्स एकाच वेळी अनेक कामं सांभाळतं, त्यामुळे नेमक्या क्षणी ते दुसरीकडे गुंतलेलं असू शकतं. यावरची योजना मला फार आवडते: मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे प्रोसेसर वेगळे ठेवले आहेत. त्यांच्यावर लिनक्स चालत नाही. एक साधी सूचना ते ५ नॅनोसेकंदांत पुरी करतात, म्हणून वेळ मोजायचं काम त्यांच्याकडे. नोंदी ठेवणं, वायफायवरून पान दाखवणं हे लिनक्सचं.

जोडताना एक काळजी घ्यावीच लागते. आमच्या सेन्सरचा प्रतिध्वनीचा संदेश ५ व्होल्टचा, बोर्डाची पिन सोसते ३.३. जेल रोडवरून एक हजार आणि दोन हजार ओहमचे रेझिस्टर आणून मध्ये घातले, तेव्हा व्होल्टेज बेतात आलं.

आता ताई सकाळी मोबाइलवर आकडा बघते आणि मगच वॉशिंग मशीन लावते.