जादा कोंबडे (परसातील कुक्कुटपालन)

परसातील कळपात माद्यांच्या मानाने जेवढे नर लागतात, त्याहून अधिक झालेल्या नरांना जादा कोंबडे म्हणतात. घरी अंडी उबवली किंवा नर-मादी न निवडता पिल्ले आणली की ते होणारच. वीस पिल्लांत सरासरी दहा नर निघतात आणि उरलेल्या दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. नऊ नरांना कळपात जागा नसते. या नऊ जणांचे काय करायचे, ते अंडी उबवायला ठेवण्यापूर्वीच ठरलेले असावे. ठरलेले नसेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यात मारामाऱ्या, पहाटेचे आरवणे आणि माद्यांच्या उघड्या पडलेल्या पाठी हे सगळे एकदमच पुढ्यात येते. मग घाईत घेतलेला निर्णय बहुतेक वेळा पक्ष्यालाच भोवतो.

नर निम्मे का निघतात

पक्ष्यांत पिल्लाचे लिंग मादीकडून ठरते. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असतात, कोंबड्याकडे दोन्ही झेड. अंड्यात कोणते गुणसूत्र जाणार हे मादीच्या शरीरातच ठरून जाते, त्यामुळे कोंबडा बदलून नरांचे प्रमाण बदलत नाही. लांबट अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, किंवा याच्या उलट, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. उबवणी यंत्राचे तापमान कमी-जास्त केल्याने गर्भ मरतात किंवा अधू पिल्ले निघतात. नराची मादी होत नाही.

निम्मे हे प्रमाण सरासरीचे आहे. दहा पिल्लांत सात किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, म्हणजे साधारण सहा उबवण्यांत एकदा. खुराड्याची जागा आणि पुढची सोय याच वाईट शक्यतेला धरून आखावी.

ज्यांना फक्त अंडी हवीत त्यांनी पिल्ले न आणता दोन-तीन महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, आणाव्यात. अंडी घालण्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्ले काढायची असतील तरच लागतो. मात्र तलंगा विकत घेतल्याने नरांचा प्रश्न सुटत नाही, तो उबवणी केंद्राकडे जातो. अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातींची नर पिल्ले तिथे पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली आणि तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याच्या पद्धती वापरात आल्या.

नर केव्हा ओळखू येतो

एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार उलटून लिंग ओळखण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. तिला दीर्घ सराव लागतो. नवख्या हाताने दाबल्यास पिल्लाच्या आतड्यांना इजा होते, म्हणून घरी हा प्रयोग करू नये. पंखांच्या पिसांची लांबी पाहून नर-मादी सांगता येते, पण ते ठरावीक संकरांतच; इतर पिल्लांना हा नियम लावला तर निव्वळ अंदाज उरतो. रंगावरून ओळख पटणारे संकर जास्त भरवशाचे असतात. सोनेरी-तांबड्या जातीचा नर आणि रुपेरी जातीची मादी यांच्या पिल्लांत नर फिकट आणि माद्या तांबूस निघतात. जोडी उलट लावली तर हा फरक मिळत नाही.

इतर पिल्लांच्या बाबतीत थांबावे लागते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नरांचा तुरा माद्यांच्या आधी मोठा आणि लाल होऊ लागतो, पाय जाड दिसतात. तरी तुऱ्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. काही जातींच्या माद्यांनाही लवकर तुरा येतो. खात्रीची खूण दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात पाठीवर मिळते. शेपटीच्या अगदी पुढची पिसे बोटाने बाजूला करून एक पीस उजेडात धरावे. मादीचे पीस टोकाला गोल असते आणि त्याची कड भरीव असते. नराचे अरुंद, लांब, टोकाला निमुळते आणि चकचकीत असते. त्याच्या कडेचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून कड झालरीसारखी मोकळी दिसते. सेब्राइट जातीत नरांनाही मादीसारखी पिसे येतात आणि सिल्कीत पिसे केसाळ असल्याने ही खूण उपयोगी पडत नाही. आरवणे आठव्या आठवड्यातही सुरू होऊ शकते आणि पाचव्या महिन्यापर्यंत लांबूही शकते.

ओळख पटली की त्याच दिवशी पायात रंगीत कडे घालावे. पाय वाढतो तसे कडे मोठे करावे लागते. विसरल्यास ते कातडीत रुतते.

प्रमाण आणि त्याचे बिघडणे

हलक्या, चपळ जातींत १० ते १२ माद्यांमागे एक नर आणि वजनदार जातींत ८ ते १० माद्यांमागे एक, हे प्रमाण फलनासाठी पुरेसे आहे. मिलनानंतर मादीच्या अंडवाहिनीतील सूक्ष्म नळ्यांत शुक्राणू दोन ते तीन आठवडे टिकतात, त्यामुळे तिला रोज नराची गरज नसते. म्हणूनच कोंबडा बदलल्यावर नव्या कोंबड्याचीच पिल्ले हवी असतील तर तीन आठवडे थांबून मग अंडी उबवायला ठेवावी.

नर जास्त झाले की एकाच मादीवर एकामागून एक चढतात. आधी तिच्या डोक्यामागची पिसे तुटतात, कारण नर तिथे चोचीने धरतो. मग पाठ उघडी पडते. सर्वांत धोक्याची जखम पंखाखाली, बरगडीच्या बाजूला होते. नराच्या पायाच्या नखांनी आणि काट्याने कातडी फाटते आणि वरून पिसे असल्याने दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा मादी हातात घेऊन दोन्ही पंख उचलून पाहावे. पाठीवर बांधायचे कापडी आच्छादन मिळते. ते पिसे पुन्हा येईपर्यंत उपयोगी आहे, पण त्याखाली उवा वाढतात, आणि नरांची संख्या कमी न करता ते बांधून ठेवणे म्हणजे दुखणे झाकणे आहे.

मादी दिवसभर दांडीवरून खाली उतरत नसेल किंवा अंडी घालायच्या पेटीत दडून राहत असेल, तर जखम दिसण्याची वाट न पाहता नर वेगळे करावेत.

कोणता ठेवायचा

सगळ्यांत आधी आरवणारा आणि सगळ्यांत मोठ्या तुऱ्याचा नर पटकन डोळ्यांत भरतो आणि बहुधा तोच ठेवला जातो. ही घाई आहे. पाच-सहा महिन्यांपर्यंत दोन-तीन नर राखून त्यांची तुलना करावी. वाकडी बोटे, वरचा आणि खालचा भाग जुळत नसलेली चोच, आत वळलेले गुडघे असलेले नर आधी वगळावेत, कारण यांतील बरेच दोष पिल्लांत उतरतात.

उरलेल्यांत वागणूक पाहावी. चांगला कोंबडा खाण्याची वस्तू सापडली की ती चोचीत उचलून पुन्हा खाली टाकतो आणि कुटकुट आवाज करून माद्यांना बोलावतो. घार दिसल्यावर तो वेगळी हाक देतो, जमिनीवरून कुत्रे-मांजर आले तर वेगळी. माद्या पहिल्या हाकेला आडोशाला पळतात आणि दुसरीला मान उंच करून उभ्या राहतात. माणसावर धावून येणारा नर ठेवू नये. आक्रमकपणा काही अंशी आनुवंशिक असतो, आणि काट्याचा वार लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर बसतो. ठेवलेल्या नरासोबत एक राखीव नर असावा. शिकारी प्राण्याच्या हल्ल्यात पुढे होणारा कोंबडाच बहुधा आधी जातो.

आपल्याच कळपातला नर ठेवला की दुसऱ्या पिढीत बाप-लेक किंवा भाऊ-बहीण संबंध येतो आणि अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घटते. दर एक-दोन वर्षांनी बाहेरचा नर आणावा किंवा ओळखीच्या पालकाशी अदलाबदल करावी.

फक्त नरांचा कळप

जादा नर काही महिने किंवा कायमचे ठेवायचे असतील तर त्यांचा स्वतंत्र कळप करणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे. नर जात्याच एकमेकांचा जीव घेतात हा समज बऱ्याच अंशी चुकीचा आहे. मादी नजरेच्या टप्प्यात असली की भांडण पेटते. ती नसेल तर एकत्र वाढलेले नर आपसांत क्रम लावून शांत राहतात. झुंजीसाठी पैदास केलेल्या जातींना मात्र हे लागू नाही. त्यांचे प्रौढ नर एकेकटेच ठेवावे लागतात.

बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात, म्हणजे मिलनाचे प्रयत्न सुरू होण्याआधी, सगळे नर एकाच दिवशी हलवावेत. माद्यांच्या बाजूला जाळी नको, भरीव भिंत किंवा पत्रा हवा. प्रत्येक नरामागे फिरायला किमान दोन चौरस मीटर आणि दांडीवर ३० सेंटिमीटर जागा ठेवावी. दांड्या एकाच उंचीवर असाव्यात, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडण होते. तीन-चार नरांमागे एक असे खाद्याचे आणि पाण्याचे भांडे आणि वर एक जास्तीचे ठेवावे. मोकळ्या जागेत दोन-तीन उभ्या फळ्या किंवा झुडपे असावीत. हरलेल्या नराला जिंकणाऱ्याच्या नजरेआड जाता आले की बहुतेक भांडणे तिथेच संपतात. बंद कोपरे टाळावेत. कोपऱ्यात अडकलेला पक्षी मार खात राहतो.

मानेची पिसे फुलवून समोरासमोर उभे राहणे आणि दोन-चार उड्या मारणे हे नेहमीचेच आहे, मध्ये पडू नये. एकाने मान खाली घातल्यावरही दुसरा पाठलाग थांबवत नसेल, किंवा तुऱ्यातून रक्त वाहत असेल, तर जखमीला लगेच बाहेर काढावे. तुरा थोड्याशा जखमेनेही भरपूर रक्त सांडतो आणि लाल रंग पाहून इतर नर तिथेच टोचत राहतात. चार-पाच दिवस बाहेर राहिलेला नर परत आल्यावर त्याला परका समजले जाते. त्याला आधी आठवडाभर जाळीपलीकडे ठेवावे आणि मग अंधार पडल्यावर दांडीवर बसवावे.

पायाच्या काट्याचे फक्त टोक कानशीने बोथट करावे. काट्याच्या आत हाड आणि रक्तवाहिन्या असतात. मुळाजवळ कापल्यास रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होतो.

अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य या कळपाला देऊ नये. त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते, तर नराला साधारण १ टक्काही पुरते. जादा कॅल्शियमने मूत्रपिंडे खराब होतात आणि युरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचतात. १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले वाढीचे खाद्य योग्य. मिश्र कळपातही सर्वांना हेच देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. माद्या गरजेपुरता खातात. मध्यम बांध्याचा प्रौढ नर दिवसाला १२० ते १५० ग्रॅम खातो, म्हणजे महिन्याला चार किलोच्या आसपास. किती नर ठेवणे परवडेल, हा हिशेब इथूनच सुरू होतो.

आरवणे

कोंबडा फक्त उजेड पाहून आरवत नाही. जपानमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की सतत मंद प्रकाशात ठेवलेले नरही शरीरातील घड्याळाप्रमाणे ठरावीक वेळी आरवतात. कळपातला सर्वांत वरचा नर आधी आरवतो आणि बाकीचे आपल्या क्रमाने मागून, हे २०१५ मध्ये दिसून आले. त्यामुळे खुराडे काळोखे केल्याने पहाटेचे आरवणे पूर्ण थांबत नाही, पण भरीव भिंतींनी आवाज दबतो आणि बाहेरच्या दिव्यांनी रात्री-अपरात्री होणारे आरवणे कमी होते. हवा खेळती राहील एवढी झरोक्यांची जागा सोडावीच. मानेला आवळणारा पट्टा बांधू नये. गळ्याखालची दाणे साठवणारी पिशवी, म्हणजे पोटली, भरलेली असली की त्याने अडते, चोच किंवा बोट अडकून पक्षी गुदमरू शकतो.

दुसऱ्याला देणे

नर पुढे कशासाठी जाणार हे घेणाऱ्याला स्पष्ट विचारावे. फुकट दिलेले देखणे नर झुंजींसाठी उचलले जातात. अनेक देशांत अशा झुंजी बेकायदा आहेत. आक्रमक नराचा स्वभाव सांगितल्याशिवाय तो देऊ नये. घेणाऱ्याने ३० दिवस त्याला आपल्या कळपापासून दूर ठेवावे. रानात किंवा रस्त्याकडेला सोडून देणे ही सुटका नव्हे. खुराड्यात वाढलेला पक्षी तिथे उपासमारीने किंवा शिकाऱ्याच्या तोंडी मरतो, आणि मानमोडीसारखा रोग असेल तर तो आसपासच्या कळपांत पोचवतो.

खाण्यासाठी मारणे

मांस आणि अंडी दोन्हींसाठीच्या जातींचे नर १४ ते १८ आठवड्यांत मारावेत. त्याआधी अंगावर मांस नसते, त्यानंतर ते चिवट होत जाते. आदल्या रात्री ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवावे, पाणी चालू ठेवावे. भरलेली पोटली साफ करताना फुटून मांस खराब करते. अंधारात दांडीवरून उचललेला पक्षी शांत राहतो.

उलटा टांगलेला पत्र्याचा शंकू पंख घट्ट धरतो, त्यामुळे फडफड होऊन पंख मोडत नाहीत. शक्य असेल तिथे पक्ष्याला आधी बेशुद्ध करावे. जबड्याच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अत्यंत धारदार सुरीने एकाच हालचालीत कापाव्यात. एकच बाजू कापली गेली तर शुद्ध हरपायला जास्त वेळ लागतो आणि पक्ष्याला त्रास होतो. बोथट सुरीने नेमके हेच घडते. ज्याने हे कधी केलेले नाही त्याने जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून शिकावे. हालचाल आणि श्वास थांबेपर्यंत, किमान दोन मिनिटे, पाण्यात घालू नये.

पिसे काढण्यासाठीचे पाणी ६० ते ६३ अंश सेल्सिअस असावे आणि पक्षी ४५ ते ६० सेकंद बुडवावा. शेपटीचे मोठे पीस सहज निघाले की पुरे. जास्त वेळ ठेवल्यास कातडी शिजून फाटते. पित्ताशय न फोडता आतडी काढावीत, शेपटीवरची तेलाची ग्रंथी कापून टाकावी आणि चार तासांच्या आत मांस ४ अंशांखाली थंड करावे. त्यानंतर २४ ते ४८ तास ते शीतकपाटात ठेवल्यावरच स्नायूंचा ताठरपणा जातो. त्याच दिवशी शिजवलेला परसातील नर रबरासारखा लागतो आणि दोष जातीला दिला जातो. वर्ष उलटलेला नर मंद आचेवर, भरपूर पाण्यात शिजवावा. आजारी पक्षी, किंवा औषध दिल्यावर मांस न खाण्याची मुदत अजून न संपलेला पक्षी खाऊ नये.

खच्चीकरण

कोंबड्याचे वृषण पोटाच्या आत, पाठीला चिकटून, मूत्रपिंडांच्या टोकाशी असतात. ते काढायला बरगड्यांमधून छेद द्यावा लागतो आणि शेजारीच मोठी रक्तवाहिनी असते. वृषणाचा तुकडा मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो आणि पक्षी आरवू लागतो. ब्रिटनसह काही देशांत हे खच्चीकरण निषिद्ध आहे. भूल न देता, अशिक्षित हाताने परसात हे करणे क्रूर आहे. पशुवैद्य उपलब्ध नसेल तर हा पर्याय विचारातच घेऊ नये.